महासाथ आणि मेंदूच्या गाठीवरचे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूत गाठ असल्याचं कळलं की घरातलं सगळं पुढच्या तारखेभोवती फिरू लागतं: ऑपरेशनची तारीख, रेडिएशन सुरू होण्याची, पुढच्या एमआरआयची. महासाथीत नेमक्या याच तारखा हलतात. रुग्णालयातून फोन येतो, "सध्या येऊ नका, आम्ही कळवू," आणि घरच्यांना कळत नाही की सुटलो म्हणायचं की घाबरायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड ही महासाथ असल्याचं म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मधल्या तीन वर्षांत मेंदूच्या गाठींवर उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णांची कुटुंबं पुष्कळ काही शिकली. खालची उत्तरं त्या अनुभवावर उभी आहेत. पुढची साथ दुसऱ्या विषाणूची असेल तर तपशील बदलतील. तुमच्या औषधांबद्दलचा निर्णय मात्र तेव्हाही तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

मेंदूत गाठ आहे म्हणून लागण लवकर होते का?

नुसत्या गाठीमुळे नाही. धोका वाढतो तो मुख्यतः उपचारांमुळे आणि गाठीने शरीरावर केलेल्या परिणामांमुळे. टेमोझोलोमाइडसारखं केमोचं औषध आणि डोक्याचं रेडिएशन यांमुळे रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होतात. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जास्त दिवस चालू असेल तर प्रतिकारशक्ती दबते आणि साखर वाढते. एक बाजू लुळी पडलेला, गिळायला त्रास होणारा किंवा दिवसभर अंथरुणात असलेला रुग्ण असेल तर छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया लवकर होतो. ज्याची गाठ लहान आहे, जो फक्त निरीक्षणाखाली आहे आणि कोणतंही औषध घेत नाही, त्याचा धोका त्याच वयाच्या इतर माणसांइतकाच धरायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. ज्याला उठवायला, जेवू घालायला, अंघोळ घालायला दुसरं माणूस लागतं, त्याला कुणापासून सहा फूट लांब ठेवता येत नाही. म्हणून अशा घरात काळजी घेणाऱ्यांनी स्वतःला जपणं हाच रुग्णाचा खरा बचाव असतो.

साथीमुळे ऑपरेशन पुढे ढकललं, तर चालतं का?

गाठ कोणती आहे आणि ती आत्ता काय करते आहे, यावर ते अवलंबून आहे. मेंदूच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांची चाल एकमेकींपासून फार वेगळी आहे.

काही वेळा थांबण्याचा प्रश्नच नसतो. मेंदूतल्या पाण्याची वाट अडून दाब वाढला असेल, रुग्ण गुंगीत जात असेल, गाठीत रक्तस्राव झाला असेल किंवा नजर झपाट्याने जात असेल, तर साथ कितीही भरात असली तरी त्याच दिवशी काहीतरी करावं लागतं. ते मोठं ऑपरेशन असेलच असं नाही. कधी नुसता शंट, म्हणजे बारीक नळी, टाकून पाण्याला वाट करून देतात आणि गाठीचं नंतर बघतात.

ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांमधली सर्वांत जास्त आढळणारी घातक मूळ (मेंदूतच सुरू होणारी) मेंदूगाठ. तिचा संशय असेल तर काही दिवस किंवा फार तर एखाद-दोन आठवडे इथे-तिथे होऊ शकतात, महिने नाही. तिथे "साथ ओसरू दे, मग बघू" हे उत्तर स्वीकारू नका. त्या रुग्णालयात जागा नसेल तर दुसरीकडे पाठवता येईल का, हे विचारा. कोविडच्या काळात अनेक ठिकाणी कॅन्सरची ऑपरेशनं कोविड रुग्ण नसलेल्या वेगळ्या रुग्णालयांत हलवली होती, म्हणजे हे करता येतं.

मेनिन्जिओमाची गोष्ट बरीच वेगळी. मेंदूच्या आवरणातून उगवणाऱ्या या गाठी बहुतेक वेळा सौम्य आणि संथ असतात. दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन केला आणि त्यात लहानसा मेनिन्जिओमा दिसला, त्रास काहीच नाही, तर एरवीही डॉक्टर कित्येकदा नुसतं लक्ष ठेवतात. कानाच्या नसेवरच्या अकूस्टिक न्यूरोमाचं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी या संप्रेरकांच्या ग्रंथीतल्या, त्रास न देणाऱ्या गाठीचंही साधारण असंच. कमी ग्रेडचा, म्हणजे संथ वाढणारा, ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींतून होणारी गाठ) असेल तर काही आठवड्यांचा उशीर बहुधा पेलतो, पण त्याला "सौम्य" समजून विसरून जाणं धोक्याचं. तो पुढे रूप बदलू शकतो.

माझं ठाम मत असं की पुढे ढकललेल्या ऑपरेशनला तारीख हवीच. तारीख देता येत नसेल तर निदान पुढच्या स्कॅनचा दिवस आणि "या लक्षणांपैकी काही दिसलं तर थांबायचं नाही" अशी यादी हातात हवी. का ढकललं, कधीपर्यंत ढकललं आणि काय घडलं तर निर्णय बदलेल, हे तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. डॉक्टर घाईत असले तरी हे विचारणं रास्त आहे.

पण मेंदूच्या ऑपरेशनचा आणि श्वसनाच्या साथीचा संबंध काय? ती थांबवतातच का?

कवटी उघडून केलेल्या ऑपरेशननंतर रुग्णाला निदान एक रात्र आयसीयूत किंवा तशाच देखरेखीखाली ठेवतात. त्याच खाटा, तेच व्हेंटिलेटर, तेच भूलतज्ज्ञ आणि त्याच परिचारिका साथीच्या रुग्णांना लागतात. रक्तदान शिबिरं बंद पडली की रक्तही कमी पडतं.

दुसरं कारण रुग्णाच्या हिताचं आहे. २०२०च्या मे महिन्यात द लॅन्सेटमध्ये २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांची माहिती आली. त्यांची ऑपरेशनं वेगवेगळ्या प्रकारची होती आणि सगळ्यांना ऑपरेशनच्या सुमारास कोविड झाला होता. त्यांच्यापैकी २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावले. निम्म्याहून थोड्या जास्त जणांना फुफ्फुसाची गुंतागुंत झाली. हे लसी येण्याच्या आधीचे आकडे आहेत, आजच्या परिस्थितीला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण शल्यचिकित्सक तेव्हा इतके धास्तावले का, हे त्यावरून समजतं.

ऑपरेशनच्या तोंडावर लागण झाली तर किती थांबायचं?

याचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर २०२१ साली मिळालं. ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं, की लागण झाल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत ऑपरेशन केलं तर मृत्यूचा धोका ३.६ ते ४.१ टक्क्यांच्या घरात राहतो, आणि सात आठवड्यांनंतर तो लागण न झालेल्यांइतका, म्हणजे १.५ टक्क्यांवर येतो. ज्यांची लक्षणं सात आठवड्यांनंतरही चालू होती त्यांचा धोका मात्र जास्तच राहिला.

पण ही सात आठवड्यांची रेघ सगळ्यांना सारखी लावता येत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीच्या रुग्णाला सात आठवडे थांबवणं हाच मोठा धोका असू शकतो. तिथे दोन धोके समोरासमोर ठेवून निर्णय घ्यावा लागतो, आणि त्यात रुग्णाचं वय, फुफ्फुसं, लस आणि लागण किती सौम्य होती हे सगळं येतं. सौम्य मेनिन्जिओमा असेल तर खुशाल थांबा.

पिट्युटरीची गाठ नाकातून काढतात. साथीत ते ऑपरेशन होतं का?

होतं, पण श्वसनाचा विषाणू नाकाच्या आतल्या भागात भरपूर असतो आणि तिथे ड्रिल चालवलं की बारीक कण हवेत उडतात. म्हणून २०२०च्या सुरुवातीला ही ऑपरेशनं बऱ्याच ठिकाणी थांबवली गेली किंवा आधी चाचणी करून, पूर्ण संरक्षक पोशाख घालून केली गेली. नजर जात असेल किंवा ग्रंथीत अचानक रक्तस्राव झाला असेल तर थांबत नाहीत. प्रोलॅक्टिनोमा नावाच्या प्रकारात तर पहिला उपचार गोळ्यांचाच असतो.

सहा आठवडे रोज रेडिएशनला जायचं म्हणजे रोजचा धोका. त्याला पर्याय आहे का?

काही रुग्णांसाठी आहे, आणि तो साथीसाठी घाईघाईने शोधलेला नाही, हे आधी सांगायला हवं.

ग्लायोब्लास्टोमाचा प्रचलित उपचार २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीवर आधारलेला आहे: सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजण्याचं एकक) रेडिएशन, सोबत रोज टेमोझोलोमाइड, आणि नंतर दर २८ दिवसांतले पाच दिवस तेच औषध, सहा चक्रं. त्या चाचणीत दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनने १०.४ टक्के होतं, औषधाची जोड दिल्यावर २६.५ टक्के झालं. तरुण आणि तब्येतीने धड असलेल्या रुग्णाच्या बाबतीत साथीतही शक्यतो हाच उपचार पूर्ण करावा, असा तज्ज्ञांचा कल राहिला.

वयस्कर रुग्णांसाठी मात्र तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे हा लहान कोर्स आधीपासून वापरात होता. २०१७ साली ६५ वर्षं आणि त्यापुढच्या ५६२ रुग्णांच्या चाचणीत हा लहान कोर्स आणि टेमोझोलोमाइड एकत्र दिल्यावर निम्मे रुग्ण जिवंत राहण्याचा काळ (मध्यक) नुसत्या रेडिएशनच्या ७.६ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेला. फार थकलेल्या रुग्णांसाठी पाच वेळांत २५ ग्रे असाही कोर्स तपासला गेला आहे. साथीत हे लहान कोर्स जास्त वापरले गेले. ३० फेऱ्यांऐवजी १५ किंवा ५ फेऱ्या म्हणजे प्रवास कमी, प्रतीक्षालयात बसणं कमी, आणि थकलेल्या माणसाची ओढाताणही कमी.

म्हणून वयस्कर नातेवाइकाला लहान कोर्स सुचवला गेला तर "साथ आहे म्हणून आम्हाला अर्धवट उपचार देतायत" असं समजू नका. आणि चाळिशीतल्या धडधाकट रुग्णाला तोच सुचवला गेला तर मात्र कारण नीट विचारून घ्या.

रेडिएशन अर्ध्यावर असताना चाचणी पॉझिटिव्ह आली, तर?

सर्वात आधी विभागाला फोन करा. न सांगता घरी थांबू नका आणि न सांगता जाऊही नका. रेडिएशनमधली मोठी खंड गाठीला फावते, त्यामुळे लक्षणं सौम्य असतील तर बरीच केंद्रं उपचार चालू ठेवतात. अशा रुग्णाला दिवसाची शेवटची वेळ देतात, कर्मचारी पूर्ण पोशाखात असतात, नंतर खोली आणि टेबल पुसून काढतात. ताप, धाप किंवा ऑक्सिजनची गरज असेल तर थांबवतात आणि बुडलेल्या दिवसांची भरपाई कशी करायची ते भौतिकतज्ज्ञांबरोबर ठरवतात.

डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट साचा बसवतात, त्याबद्दलही विचारणा होते. तो साचा तुमच्याच चेहऱ्याच्या मापाचा, तुमच्याच नावाचा असतो, दुसऱ्याला वापरत नाहीत. पण तो चेहऱ्याला इतका चिकटून असतो की आत साधा मास्क घातला तर माप बदलू शकतं. काही केंद्रांनी साचा बनवतानाच आत पातळ मास्क ठेवून माप घेतलं होतं. तुमच्या साच्यात तसं नसेल तर टेबलवर झोपेपर्यंत मास्क ठेवा आणि तंत्रज्ञ सांगेल तेव्हा काढा.

टेमोझोलोमाइड बंद करावं का?

स्वतःहून नाही.

डॉक्टर मात्र हा प्रश्न साथीत वेगळ्या नजरेने बघतात. गाठीत एमजीएमटी या जनुकाचं मेथिलेशन झालेलं, म्हणजे रासायनिक बदलाने ते जनुक बंद पडलेलं, असेल तर या औषधाचा फायदा जास्त होतो. झालेलं नसेल तर बराच कमी. त्यामुळे वयस्कर आणि मेथिलेशन नसलेल्या रुग्णाला औषधाशिवाय नुसतं रेडिएशन द्यावं का, याचा विचार २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये करायला सांगितला होता. मेथिलेशन झालेल्या रुग्णाच्या हातातून ते काढून घेणं चूक ठरलं असतं. म्हणून हा रिपोर्ट आला का आणि त्यात काय आहे, ते विचारून ठेवा. प्रयोगशाळा साथीच्या चाचण्यांत बुडालेल्या असताना असे रिपोर्ट मागे पडतात.

औषध चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर "साथीचाच असेल" म्हणून घरी काढू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतुसंसर्गही काही तासांत गंभीर होतो. रक्ततपासणी घराजवळ करून रिपोर्ट पाठवण्याची सोय होत असेल तर ती घ्या, पण तपासणी चुकवून पुढचं चक्र सुरू करू नका. न्यूमोसिस्टिस नावाचा एक फुफ्फुसाचा संसर्ग टाळण्यासाठी काहींना को-ट्रायमोक्साझोल देतात. त्या संसर्गाचा कोरडा खोकला आणि धाप ही साथीच्या आजारासारखीच दिसतात, म्हणून ती गोळी नियमित घ्या.

डेक्सामेथासोन प्रतिकारशक्ती कमी करतं असं वाचलं. ते थांबवू का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा: अचानक थांबवू नका.

डेक्सामेथासोन गाठीभोवतीची सूज उतरवतं. ते एकदम बंद केलं की सूज परत चढते. डोकेदुखी, उलट्या, हातापायांतली ताकद जाणं, गुंगी असं सगळं एक-दोन दिवसांत परत येऊ शकतं. शिवाय काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी आळसावतात. अशा वेळी गोळी बंद झाली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. ताप किंवा संसर्ग असताना तर शरीराला स्टेरॉइडची गरज उलट वाढते. अशा दिवसांत डोस तात्पुरता वाढवायचा का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शनसाठी रुग्णालय गाठा.

डोस कमी करणं हा वेगळा भाग आहे आणि तो चांगलाच. सूज आटोक्यात ठेवेल एवढा कमीत कमी डोस, पायरीपायरीने उतरवत नेलेला, हे साथ असो-नसो डॉक्टरांचं धोरण असतं.

जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने हेच औषध चर्चेत आणलं. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. त्यामुळे "आम्ही आधीच डेक्सा घेतोय, म्हणजे आम्हाला संरक्षण आहे" हाही गैरसमज आहे. आणि हो, स्टेरॉइड ताप झाकतं. थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय म्हणून निर्धास्त राहू नका. रुग्ण नेहमीपेक्षा मलूल वाटला, धाप लागली, तर बोटाला ऑक्सिमीटर लावा.

फीटची औषधं आणि विषाणूवरची औषधं एकत्र चालतात का?

सगळी नाही, आणि ही अगदी सहज घडणारी चूक आहे. कोविडवर दिली जाणारी निर्मॅट्रेल्विर-रिटोनाविर ही जोडी, जी पॅक्सलोविड नावाने ओळखली जाते, ती फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटल यांच्याबरोबर देत नाहीत. फीटची ही औषधं यकृतातली विकरं इतकी चेतवतात की विषाणूवरचं औषध रक्तात टिकतच नाही. ती औषधं एक-दोन दिवस बंद ठेवूनही उपयोग नाही, कारण परिणाम बरेच दिवस राहतो, आणि तेवढ्यात फीट येऊ शकते. लेव्हेटिरासिटाम या फीटच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत ही अडचण येत नाही. उलट दिशेने, रिटोनाविरमुळे डेक्सामेथासोनची रक्तातली पातळी वाढते.

साथीच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना तुमच्या गाठीचा इतिहास माहीत नसतो. औषधांच्या पट्ट्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि फीटची गोळी आपल्याकडे किमान दोन-तीन आठवड्यांची जास्तीची असू द्या. औषधाचे दोन डोस चुकले म्हणून आलेली फीट आणि त्यासाठी साथीच्या ऐन भरात तातडीच्या विभागात जावं लागणं, हे टाळता येण्यासारखं आहे.

लस घ्यावी का? तिने गाठ वाढते का?

लसीने मेंदूची गाठ वाढते असा पुरावा नाही. जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूची लस केमो किंवा जास्त स्टेरॉइड चालू असताना टाळतात. कोविडच्या प्रचलित लसी त्या प्रकारातल्या नव्हत्या, त्या या रुग्णांना देता येत होत्या. केमो आणि स्टेरॉइड चालू असेल तर प्रतिसाद थोडा कमी मिळू शकतो, म्हणून जमलं तर उपचार सुरू होण्याआधी लस घ्यावी. पण लसीसाठी उपचार लांबवू नये. प्लेटलेट कमी असतील तर आधी सांगा, म्हणजे बारीक सुई वापरून टोचलेली जागा जरा वेळ दाबून धरतील. घरातल्या सगळ्यांनी घेणं तितकंच गरजेचं.

एमआरआयची तारीख पुढे गेली तर काय बिघडतं?

स्थिर मेनिन्जिओमाचा वार्षिक स्कॅन दोन-तीन महिने पुढे गेला तर बहुधा काहीच नाही. ग्लायोब्लास्टोमात दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करतात. तिथे एक स्कॅन चुकला तर गाठ परत वाढल्याचं उशिरा कळतं. रेडिएशन संपल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत सूज आणि उपचारांचे परिणाम गाठ वाढल्यासारखे दिसू शकतात, म्हणून तिथे एकाहून अधिक स्कॅन शेजारी ठेवून बघावे लागतात. मधलाच गळला तर अर्थ लावणं कठीण होतं. नवीन लक्षण असेल तर स्कॅन पुढे ढकलू देऊ नका. दुसऱ्या केंद्रात करावा लागला तर जुन्या स्कॅनच्या प्रतिमा सोबत न्या, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही.

व्हिडिओवर डॉक्टरांना मेंदूची तपासणी करता येते का?

अपेक्षेपेक्षा बरीच. फोन टेबलावर उभा करून रुग्णाला कंबरेपासून वर दिसेल असं बसवा. डॉक्टर सांगतील, दोन्ही हात समोर सरळ धरा, तळवे वर, आता डोळे मिटा. दहा-पंधरा सेकंदांत एक तळवा हळूच आत वळून खाली घसरू लागला, तर त्या बाजूची ताकद कमी झाली आहे हे कळतं. रुग्णाच्या स्वतःच्या ते लक्षातही आलेलं नसतं. हसायला सांगून चेहऱ्याची एक बाजू मागे राहते का बघतात. वाक्य परत म्हणायला लावतात, वस्तूंची नावं विचारतात, खोलीभर चालायला सांगतात. बोलणं अडखळतंय का हे तर फोनवरही ऐकू येतं.

डोळ्याच्या पडद्यामागची सूज, ऑपरेशनच्या जखमेची खोली, मानेचा ताठरपणा हे मात्र व्हिडिओवर नीट कळत नाही. आणि वाईट बातमी सांगायची असेल, गाठ परत आली आहे असं सांगायचं असेल, तर शक्य असल्यास समोरासमोर बसूनच सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

फीटचा व्हिडिओ काढून ठेवा. आधी रुग्णाला कुशीवर वळवा, मग फोन हातात घ्या.

डोकं दुखतंय, वास येत नाही, गोंधळल्यासारखं वाटतंय. हे साथीचं की गाठीचं?

कोविडमध्ये डोकेदुखी येते, वास जातो, वयस्कर माणसांना भ्रम होतो. गाठीतही हे तिन्ही होऊ शकतं. कपाळामागे, वासाच्या नसेपाशी वाढणाऱ्या मेनिन्जिओमाचं तर वास जाणं हे एक ठळक लक्षण आहे. फरक वेगात सापडतो: विषाणूमुळे वास दोन-चार दिवसांत जातो आणि बहुतेकांना काही आठवड्यांत परत येऊ लागतो, गाठीमुळे तो महिनोन्महिने, कधी एकाच नाकपुडीचा, हळूहळू जातो. सकाळी उठताना वाढणारी आणि उलटी झाल्यावर जरा हलकी होणारी डोकेदुखी, एकाच बाजूचा अशक्तपणा, शब्द न सापडणं ही लक्षणं विषाणूच्या खात्यात टाकू नका. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून गाठीचा विचार थांबवायचा नाही. दोन्ही एकदम असू शकतं.

मग साथ असतानाही कधी अजिबात न थांबता रुग्णालयात जायचं?

फीट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता दुसरी आली. रुग्ण उठवूनही नीट जागा होत नाही. हात, पाय किंवा बोलणं अचानक गेलं. नजर गेली. आयुष्यात कधी नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी उलट्यांसह सुरू झाली. केमो चालू असताना ताप आला. ऑपरेशनच्या जखमेतून पाण्यासारखं काही झिरपतंय. एका पायाची पोटरी सुजली आणि दुखते आहे, किंवा अचानक धाप लागली: ग्लायोमात रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण मुळात जास्त असतं, आणि कोविडनेही ते वाढतं.

कोविडच्या पहिल्या लाटेत रुग्णालयाच्या भीतीने घरीच थांबलेली माणसं फार उशिरा पोचली. ती भीती खोटी नव्हती. पण या यादीतल्या गोष्टींपुढे ती मोठी मानायची नाही.

रुग्णासोबत कुणालाच आत सोडत नाहीत. त्याला तर नीट बोलताही येत नाही.

साथीच्या नियमांनी सर्वात जास्त पोळलेले रुग्ण हेच. स्वतःची तक्रार सांगू न शकणाऱ्या माणसाला एकटं ठेवणं म्हणजे तपासणीतली अर्धी माहितीच दाराबाहेर ठेवणं. अनेक ठिकाणी बोलण्यावर किंवा आकलनावर परिणाम झालेल्या रुग्णांना आणि लहान मुलांना एक सोबती ठेवायची सूट होती, पण ती मागावी लागते. दाखल करण्याआधीच विचारा.

नाहीच जमलं तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो रुग्णाच्या खाटेला लावायला सांगा: हाक कोणत्या नावाने मारायची, चष्मा, ऐकण्याचं यंत्र कुठे आहे, "हो" आणि "नाही" तो कसं दाखवतो, उजवीकडून बोललं तर त्याला कळतं, डावीकडचं दिसत नाही, पाणी पातळ दिलं तर ठसका लागतो, फीट येण्याआधी तोंडाचा कोपरा उडतो, कोणत्या फोनवर, किती वाजता घरच्यांशी बोलणं करून द्यायचं. मास्क लावलेल्या अनोळखी चेहऱ्यांमध्ये घाबरलेल्या माणसाला हा कागद खरोखर उपयोगी पडतो, कारण पाळी बदलली की नवी परिचारिका पहिल्यांदा तोच वाचते.

लहान मुलांचे उपचार लांबवले जातात का?

लांबवू नयेत. मुलांमधल्या मेड्युलोब्लास्टोमासारख्या गाठी बऱ्या होण्याची शक्यता चांगली असते आणि ती शक्यता वेळापत्रक पाळण्यावर अवलंबून असते. ऑपरेशननंतर रेडिएशन साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावं आणि मधे खंड पडू नये यासाठी धडपड करतात. कोविडमध्ये मुलांचे कर्करोगाचे उपचार न बदलता, न कापता चालू ठेवावेत, हीच बालकर्करोग तज्ज्ञांची सूचना होती. सकाळच्या उलट्या, तिरकी धरलेली मान, झोकांड्या, वाढणारं डोकं यांकडे "साथीत बाहेर कुठे न्यायचं" म्हणून दुर्लक्ष करू नका.

मी नवीन औषधाच्या चाचणीत आहे. ती बंद पडेल का?

कोविडच्या सुरुवातीला बऱ्याच चाचण्यांनी नवे रुग्ण घेणं थांबवलं. आधीपासून असलेल्यांचं औषध मात्र शक्य तिथे चालू राहिलं. कुठे गोळ्या घरपोच गेल्या, कुठे तपासण्या स्थानिक प्रयोगशाळेत झाल्या. तुमच्या चाचणीच्या समन्वयकाला विचारा.

रुग्णाची काळजी घेणारी मी एकटीच आहे. मलाच लागण झाली तर?

हे आधीच ठरवून ठेवायचं. गोळ्यांच्या वेळा, डोस, डॉक्टरांचे नंबर, फीट आली तर काय करायचं हे एका वहीत लिहा आणि दुसऱ्या कुणाला तरी ती वही उघडून एकदा दाखवा. लागण झालीच आणि दुसरं कुणी नसेल तर रुग्णाला सोडून वेगळ्या खोलीत बसता येणार नाही. अशा वेळी दोघांनीही मास्क, खिडक्या उघड्या, हात धुणं, आणि जवळ जाण्याची कामं एकदम उरकणं. दमल्यावर मदत मागा. आठवडे-महिने चाललेल्या एकाकी शुश्रूषेत काळजी घेणाऱ्यांची झोप आणि मन दोन्ही मोडतं, हे या तीन वर्षांत फार घरांत घडलं.

उपचारांचा उपयोग उरलेला नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. अशा वेळी रुग्णालय की घर?

रुग्णाला बोलता येतंय तोवर त्यालाच विचारा. मेंदूच्या गाठीत ही वेळ लवकर निघून जाते. पुढे बोलणं आणि समज दोन्ही मंदावतात. साथीत दाखल झालं तर भेटी बंद असू शकतात, हे त्याला माहीत असायला हवं. व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको असं त्याला वाटत असेल तर ते लिहून डॉक्टरांना द्या.

घरी ठेवायचं ठरलं तर उपशामक उपचारांच्या पथकाशी आधीच बोलून तयारी करा: गिळता येईनासं झाल्यावर फीटचं औषध कोणत्या मार्गाने द्यायचं, फीट थांबवण्यासाठी गालात ठेवायचं मिडाझोलाम हे औषध मिळेल का, स्टेरॉइड कसं उतरवायचं, रात्री कुणाला फोन करायचा.

साथ ओसरली. राहून गेलेल्या गोष्टी कोणत्या क्रमाने कराव्यात?

लक्षणं असतील तर सर्वात आधी डॉक्टरांची भेट आणि एमआरआय. घातक गाठ असेल आणि स्कॅन चुकला असेल तर पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट न पाहता फोन करा, कारण साथीनंतर रुग्णालयांच्या याद्या लांबलेल्या असतात आणि त्यात तुमचं नाव आपोआप वर येत नाही. मग राहिलेल्या रक्ततपासण्या; पिट्युटरीच्या गाठीत संप्रेरकांची तपासणी आणि नजरेचं क्षेत्र. त्यानंतर फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार, जे साथीत सर्वात आधी बंद पडतात आणि सर्वात शेवटी सुरू होतात. स्थिर मेनिन्जिओमाचा स्कॅन यादीत शेवटी ठेवला तरी चालेल, फक्त तारीख लिहून घ्या.